एमआरआयमध्ये गादी दिसली, म्हणजे कंबर तिच्यामुळेच दुखते का?

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वय ४२, किराणा मालाचं दुकान, तीन महिन्यांपासून कंबर दुखतेय. दुखणं कमरेच्या खालच्या पट्ट्यात आणि उजव्या कुल्ल्यापर्यंत, गुडघ्याखाली काही नाही. एमआरआयमध्ये एल४-एल५ ला, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधल्या गादीला, बल्ज (गादी फुगलेली), तिच्या खालच्या एल५-एस१ ला प्रोट्रुजन (गादी एका जागी बाहेर डोकावलेली) आणि दोन्ही गाद्या ‘डेसिकेटेड’, म्हणजे पाणी कमी झालेल्या. एका डॉक्टरांनी सांगितलं की गादी सरकलीय, ऑपरेशनची तयारी ठेवा. दुसऱ्यांनी फिल्म बघितली, पाकिटात परत घातली आणि चालायला लागा म्हणाले. आता खरं कोणाचं मानायचं, गादीच कारण आहे का, हे तुम्ही विचारलंय. आणि अगदी शेवटी जाता जाता लिहिलंय की रिपोर्ट आल्यापासून तुम्ही पाण्याची बादलीसुद्धा उचललेली नाही.

मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे. सातारा जिल्ह्यात २६ वर्षं प्रॅक्टिस करतोय आणि कमरेच्या गादीची ऑपरेशनंही करतो. तुमच्या रिपोर्टपेक्षा मला त्या बादलीची काळजी जास्त वाटली. का, ते पुढे येईलच.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत, ते आधी सुटे करू. गादीत बदल झालाय का? हो, झालाय. तो फिल्ममध्ये दिसतो, त्यात वाद नाही. त्या बदलामुळेच कंबर दुखतेय का? हे फिल्म सांगत नाही, सांगू शकतच नाही. एमआरआय आकार दाखवतो, दुखणं दाखवत नाही. दोन डॉक्टरांचं म्हणणं वेगळं पडलं ते इथेच. एकाने पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यालाही लावलं.

थोडं गादीविषयी. मानेपासून कमरेपर्यंत मणक्यांच्या मधे २३ गाद्या असतात. आत मऊ, पाणीदार गर आणि भोवती तंतूंचं जाड, पदरापदराचं कडं. हे कडं वरच्या आणि खालच्या मणक्याला घट्ट जोडलेलं असतं. त्यामुळे साबणाची वडी हातातून निसटावी तशी गादी सरकत नाही, सरकू शकत नाही. ती फुगते, तिला चीर जाते किंवा चिरेतून गर बाहेर येतो. ‘गादी सरकली’, ‘मणक्यात गॅप आला’ हे शब्द आम्हीच पेशंटला दिले. घाईच्या ओपीडीत दोन शब्दांत उरकतं म्हणून दिले आणि ते माणसाच्या डोक्यात घर करून बसले. गॅप आला म्हटलं की पेशंटला वाटतं, मणका सुटलाय, वाकलो तर निखळेल. प्रत्यक्षात आम्ही ज्याला गॅप म्हणतो तिथे बहुतेकदा मणक्यांमधलं अंतर कमी झालेलं असतं. अर्थ नेमका उलटा.

आता मुद्द्याचं. ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा लोकांचे एमआरआय काढले तर काय दिसतं? हा प्रयोग झालेला आहे, एकदा नाही, अनेकदा. १९९४ साली अमेरिकेत कंबरदुखी नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय काढले. त्यांतल्या ५२ टक्के लोकांची किमान एक गादी फुगलेली निघाली आणि २७ टक्क्यांमध्ये प्रोट्रुजन. पुढे २०१५ मध्ये अशा ३३ अभ्यासांतल्या, काहीही न दुखणाऱ्या ३,११० लोकांची माहिती एकत्र केली गेली. तुमच्या वयाच्या जवळची ओळ बघा. चाळिशीत ६८ टक्के लोकांच्या गाद्यांची झीज झालेली, ५० टक्क्यांमध्ये बल्ज, ३३ टक्क्यांमध्ये प्रोट्रुजन. विशीतसुद्धा ३० टक्के लोकांमध्ये बल्ज होताच. ऐंशीच्या घरात झीज ९६ टक्के.

म्हणजे तुमच्या दुकानात उद्या तुमच्या वयाची सहा गिऱ्हाईकं आली, हसतखेळत गव्हाची पिशवी उचलून घेऊन गेली, तर त्यांतल्या तिघांच्या फिल्मवर बल्ज आणि दोघांच्या फिल्मवर प्रोट्रुजन असण्याची शक्यता आहे. त्यांना ते माहीत नाही, कारण त्यांनी फिल्म काढलेली नाही.

पण मी इथेच थांबलो तर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. २०१५ ची ती माहिती एकत्र करणाऱ्या संशोधकांनीच त्याच वर्षी आणखी एक तुलना केली. पन्नाशीच्या आतल्या लोकांमध्ये, कंबर दुखणारे आणि न दुखणारे. त्यात बल्ज, प्रोट्रुजन, बाहेर आलेला गर हे सगळं दुखणाऱ्यांमध्ये जास्त आढळलं. म्हणजे गादीचा दुखण्याशी काहीच संबंध नाही, हेही खरं नाही. गादीच्या कड्याच्या बाहेरच्या पदरात संवेदना वाहणाऱ्या बारीक नसा असतात, तिथे चीर गेली तर दुखू शकतं. १९९१ साली काही अमेरिकन सर्जननी एक गोष्ट प्रसिद्ध केली. ते कमरेची ऑपरेशनं भूल न देता, फक्त जागा बधिर करून करत होते आणि पेशंट जागा असताना एकेक भाग हलकेच दाबून ‘आता कुठे दुखतं?’ असं विचारत होते. सुजलेल्या, दबलेल्या नसेला हात लागला की पेशंटची नेहमीची पायातली कळ उठायची. गादीचं बाहेरचं कडं दाबलं की बऱ्याच जणांना कमरेत दुखायचं. गादी दुखू शकते, याचा याहून थेट पुरावा मला माहीत नाही.

अडचण पुढची आहे. नुसती कंबर दुखत असेल तर ती याच गादीमुळे दुखतेय हे ओळखायची भरवशाची तपासणी आजही आमच्या हातात नाही. गादीत सुई घालून औषध दाबून बघायची एक पद्धत आहे, पण ती निरोगी लोकांमध्येही दुखणं उठवते, आणि सुई टोचलेली गादी पुढे लवकर झिजते असं दहा वर्षांच्या पाहणीत दिसलं. मी ती करत नाही. स्नायू, मणक्यांमागचे छोटे सांधे, माकडहाडाच्या वरचा सॅक्रोइलियाक सांधा, गादी, या सगळ्यांचं दुखणं जवळजवळ एकाच जागी उमटतं. म्हणून कंबरदुखीच्या बहुसंख्य पेशंटमध्ये, दहातल्या आठ-नऊ जणांत, नेमक्या एका रचनेवर बोट ठेवता येत नाही. हे पेशंटला सांगणं अवघड जातं. त्याने पैसे भरलेले असतात, फिल्म काढलेली असते, त्याला नाव हवं असतं. आणि फिल्मवर एक नाव आयतं छापलेलं असतं.

पायाची गोष्ट वेगळी. तिथे गादीवर आरोप ठेवताना माझा हात थरथरत नाही. १९३४ साली बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन डॉक्टरांनी दाखवून दिलं की फाटलेल्या गादीतला गर नसेवर आला की पायात कळ जाते, आपण ज्याला सायटिका म्हणतो ती. पुढे १९९३ मध्ये स्वीडनमध्ये डुकरांवरच्या प्रयोगात कळलं की नुसता दाब हे कारण नाही. गादीतला गर नसेवर नुसता ठेवला, अजिबात दाबला नाही, तरी नसेचं काम मंदावतं. त्या गरातले घटक नसेला सूज आणतात. म्हणून फिल्मवर छोटासा फुगवटा असलेला माणूस तळमळतो आणि मोठा फुगवटा असलेला निवांत असतो, असं आम्ही रोज बघतो.

ही नसेची कळ स्वतःची ओळख घेऊन येते. ती गुडघ्याच्या खाली जाते. कमरेपेक्षा पाय जास्त दुखतो. खोकला, शिंक आली, संडासला जोर केला की वीज चमकावी तशी पायात चमक जाते. मुंग्या ठरलेल्या पट्ट्यात येतात. एल५ ची नस असेल तर नडगीच्या बाहेरून पावलाच्या वरच्या बाजूने अंगठ्याकडे, एस१ असेल तर पोटरीमागून टाचेकडे आणि करंगळीकडे. मी पेशंटला आडवं करून, गुडघा सरळ ठेवून पाय उचलतो. तीस-चाळीस अंशांत पायात नेहमीची कळ उठली तर कान टवकारतो. मग त्याच्या पायाच्या अंगठ्यावर माझी दोन बोटं ठेवतो आणि सांगतो, वर ओढा, मला जिंकू देऊ नका. धडधाकट माणसाचा अंगठा माझ्या दोन बोटांना दाद देत नाही. एल५ ची नस कमजोर असेल तर तो अंगठा सावकाश खाली येतो. पेशंट स्वतः बघत असतो आणि त्याला आश्चर्य वाटतं, कारण आपली ताकद गेलीय हे त्याला तोवर कळलेलंच नसतं. त्यानंतर टाचांवर चालायला लावतो, चवड्यांवर चालायला लावतो. एवढं झाल्यावर फिल्म. पायाने सांगितलेली नस आणि फिल्ममध्ये गादीने धरलेली नस एकच निघाली, बाजूही तीच निघाली, तर गादी हेच कारण, असं मी लिहून देतो.

आणि जुळलं नाही तर? काही वर्षांपूर्वी ३४ वर्षांचा एक तरुण आला होता. आठ महिने ‘गादी’चे उपचार झालेले. कमरेला पट्टा, वजन लावून झोपवणं, गोळ्या, इंजेक्शनं. एका मोठ्या रुग्णालयात ऑपरेशनची तारीखही ठरली होती. फिल्मवर एल४-एल५ ला डावीकडे प्रोट्रुजन स्पष्ट. तो दार उघडून आत आला तेव्हाच त्याची चाल मला खटकली. कंबर दुखणारा माणूस ताठून, जपून चालतो. हा एका पायावर भार कमी देत लंगडत होता, उजव्या. कुठे दुखतं विचारलं तर हात कुल्ल्यावरून फिरून जांघेत आला. मी त्याला तपासणीच्या टेबलावर मांडी घालून बसायला सांगितलं. डावा गुडघा टेबलाला टेकला, उजवा वीतभर वरच राहिला. दाबला तर ओरडला. ‘जेवायला मांडी घालून कधीपासून बसत नाही?’ विचारल्यावर त्याची आई म्हणाली, सात-आठ महिने झाले, खुर्ची लागते. खुब्याचा एक्स-रे आणि मग खुब्याचा एमआरआय काढला. रक्तपुरवठा तुटून उजव्या खुब्याच्या गोळ्याचं हाड मरत चाललं होतं. आधी एका आजारात त्याने बरेच दिवस स्टेरॉइड घेतलं होतं. गादी तिथे होती, फुगलेली होती आणि तिचा या दुखण्याशी काडीचा संबंध नव्हता. ते आठ महिने त्याच्या खुब्याला महाग पडले. त्या दिवसापासून कंबरदुखीचा एकही पेशंट माझ्याकडून मांडी न घालता बाहेर गेलेला नाही. तुम्हीही आत्ता घालून बघा.

थोडक्यात, इथवरचं असं. गादीतले बदल तुमच्या वयात अगदी नेहमीचे. गुडघ्याखाली जाणारी, ठरलेल्या पट्ट्यातली, तपासणीशी जुळणारी कळ असेल तर गादी दोषी ठरवता येते. नुसत्या कमरेच्या दुखण्यात गादीचा वाटा असू शकतो, पण तो सिद्ध करता येत नाही, आणि सुदैवाने उपचारासाठी तो सिद्ध करायची गरजही पडत नाही.

तुम्हाला न तपासता मी ठाम निदान करणार नाही. काही गोष्टी मला तुमच्याकडून कळायला हव्यात, कारण त्यांवर सगळं उत्तर फिरतं. ताप, संध्याकाळची कणकण, वजन उतरणं, भूक मरणं, रात्री झोपेत वाढणारं दुखणं यांपैकी काही आहे का? जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा आपल्या देशात आहे आणि मणक्याचा टीबी सुरुवातीला साध्या कंबरदुखीसारखाच दिसतो. तो एमआरआयमध्ये सहसा दिसतो. तुमच्या रिपोर्टमध्ये तसं काही लिहिलेलं नाही ही चांगली बाब, आणि एमआरआयचा खरा उपयोग मी इथेच मानतो. पूर्वी कॅन्सर झालेला असेल किंवा बरीच वर्षं स्टेरॉइड चालू असेल तर तेही सांगा. सकाळी उठल्यावर कंबर अर्धा तास किंवा त्याहून जास्त आखडलेली राहते, हालचाल केली की मोकळी होते, आणि हे चाळिशीच्या आत सुरू झालं होतं, असं असेल तर सांध्यांच्या वाताचा एक प्रकार शोधावा लागतो. त्याचे डॉक्टर वेगळे, औषध वेगळं.

एक गोष्ट मात्र वाट बघायची नाही. लघवी अडली किंवा नकळत झाली, संडासवरचा ताबा गेला, सायकलच्या सीटला टेकतो तेवढा भाग बधिर झाला, पाऊल लुळं पडून चप्पल निसटायला लागली, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयात जायचं. कमरेच्या तळाशी असलेला नसांचा जुडगा दाबला गेला तर तासांचा हिशेब असतो. अशा पेशंटला ‘सकाळी बघू’ म्हणणारे नातेवाईक मी पाहिलेत, आणि आयुष्यभर लघवीची नळी वापरणारे पेशंटही.

यातलं काहीच नसेल, आणि तुमच्या वर्णनावरून तसं वाटतंय, तर ऑपरेशनचा विषय आज तुमच्यापुढे नाही. गादीचं नेहमीचं ऑपरेशन हे नसेवरचा गर काढण्याचं असतं. त्याने पायाची कळ जाते. नुसत्या कमरेच्या दुखण्यासाठी ते करून उपयोग होत नाही, म्हणून मी करत नाही. अगदी पायाची जबरी कळ असलेल्यांचंही बघा. नेदरलँड्समध्ये २८३ पेशंटवर अभ्यास झाला, २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांना दीड ते तीन महिने तीव्र सायटिका होती. निम्म्यांचं लवकर ऑपरेशन केलं, निम्म्यांना थांबवलं. ऑपरेशनवाल्यांना आराम लवकर पडला, हा फायदा खरा आहे. पण वर्षभरानंतर दोन्ही गटांतले ९५ टक्के बरे होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना मात्र मधे कधीतरी ऑपरेशन करावं लागलं, तेही लपवायला नको. ज्याचं हातावर पोट आहे त्याला लवकरचा आराम महत्त्वाचा असू शकतो, म्हणून हा निर्णय मी पेशंटवर सोपवतो.

आणखी एक गोष्ट पेशंटला पटत नाही. बाहेर आलेला गर शरीर स्वतः खाऊन टाकतं, आणि जितका मोठा तुकडा, तितकी शक्यता जास्त. २०१५ च्या एका एकत्रित पाहणीत पूर्ण सुटलेल्या तुकड्यांपैकी ९६ टक्के आपोआप आटले, प्रोट्रुजनपैकी ४१ टक्के, साध्या बल्जपैकी १३ टक्के. मोठा तुकडा रक्तवाहिन्यांच्या तावडीत सापडतो, बारीक फुगवटा कड्याच्या आत सुरक्षित राहतो. तुमचा बल्ज दोन वर्षांनी फिल्मवर तसाच दिसू शकतो आणि तुम्ही मात्र पूर्ण बरे झालेले असू शकता. म्हणून ‘गादी आत गेली का’ बघायला पुन्हा एमआरआय काढू नका.

आता ती बादली. रिपोर्ट आल्यापासून तुम्ही काही उचललं नाही. स्नायू अशाने लवकर सैलावतात, मग थोडं काम केलं तरी दुखतं, दुखलं की वाटतं गादी आणखी बिघडली, मग आणखी कमी हालचाल. माझ्याकडे येणाऱ्या जुनाट कंबरदुखीच्या निम्म्याअधिक पेशंटची कहाणी ही असते. हेलसिंकी महापालिकेच्या १८६ कर्मचाऱ्यांवर १९९५ साली अभ्यास झाला होता. अचानक उसण भरलेल्या या लोकांचे तीन गट केले. एका गटाला दोन दिवस झोपून राहायला, दुसऱ्याला व्यायाम करायला आणि तिसऱ्याला जमेल तसं रोजचं काम चालू ठेवायला सांगितलं. तिसरा गट सर्वांत लवकर बरा झाला.

पोती उचलून गादी खराब केली, असंही तुम्ही मनाला लावून घेतलेलं दिसतं. फिनलंडमध्ये जुळ्या भावांचे एमआरआय तुलनेला घेतले होते, एकाचं काम कष्टाचं आणि दुसऱ्याचं बसून. गाद्यांच्या झिजेत कामापेक्षा घराण्याचा वाटा कितीतरी मोठा निघाला. तुमच्या वडिलांची कंबर कशी होती ते आठवा.

मी तुमच्या जागी असतो तर उद्यापासून असं सुरू केलं असतं. दिवसातून दोनदा पंधरा-वीस मिनिटं सपाट रस्त्यावर चालणं, दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवत. अर्धी बादली, अंगाजवळ धरून, दोन्ही हातांनी. तीन-चार दिवस जमलं की भरलेली. मग पाच किलोची पिशवी, मग दहा. उचलताना थोडं दुखलं आणि रात्रीपर्यंत किंवा दुसऱ्या सकाळपर्यंत मूळ पातळीवर आलं, तर ते चालतं. दुसऱ्या दिवशी वाढलेलंच राहिलं तर एक पायरी खाली. झोपेत गाद्या पाणी शोषून फुगतात, सकाळी आपली उंचीही सेंटिमीटरभर जास्त भरते, म्हणून उठल्यापासून तासभर खाली वाकून जड काही उचलू नका. दुकान उघडतानाचं शटर त्या वेळेत येत असेल तर पोराला उघडू द्या. साखरेचं ५० किलोचं पोतं दोघांनी उचला, हे कंबर चांगली असतानाही. पट्टा लांबच्या प्रवासापुरता ठीक, दिवसभर नको. दुखण्याच्या गोळ्या चार-आठ दिवस डॉक्टरांना विचारून घ्या, महिनोन्महिने नाही, किडनी आणि जठर दोन्ही त्याची किंमत मोजतात. चांगला फिजिओथेरपिस्ट जवळ असेल तर नुसता शेक आणि मशीन लावून घेऊ नका, व्यायाम शिकवा म्हणून सांगा. सहा ते आठ आठवडे द्या. दुखणं सरळ रेषेत उतरत नाही, मधे एखादा वाईट आठवडा येतो, तो धरून चाला.

एवढं करून फरक नाही पडला, किंवा कळ गुडघ्याखाली उतरली, तर जवळच्या अस्थिरोगतज्ज्ञांना प्रत्यक्ष दाखवा. जाताना फिल्मचं पाकीट पिशवीतच राहू द्या. आधी कुठे, कधी, काय केल्यावर दुखतं ते सांगा, पाय उचलून बघू द्या, अंगठ्याची ताकद बघू द्या, टाचांवर आणि चवड्यांवर चालून दाखवा, मांडी घालून दाखवा. फिल्म त्यानंतर पिशवीतून बाहेर काढा.